ओल्या दाण्यांचा पाकविचार

आईने-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये ज्याची नोंद आहे आणि ज्याच्या चिंतामणीची गणना विदर्भाच्या अष्टविनायकांत होते, त्या कळंबच्या शिवारात मार्गशीर्ष-पौषाचा हंगाम आला म्हणजे कपाशीच्या तासांमधून उभी असलेली तूर शेंगांनी लवते, आणि त्याच सुमारास जबलपूरकडचा मटारही विदर्भाच्या बाजारांत मुबलक उतरू लागतो. दोन्ही जिन्नस शिंबी कुळातलेच. शंभर ग्रॅम ओल्या मटारात सुमारे ५.४ ग्रॅम प्रथिने, ५.७ ग्रॅम तंतू आणि ४० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. तुरीच्या सोल्यांत, म्हणजे ओल्या दाण्यांत, प्रथिने ७ ग्रॅमांच्या वर, आणि क जीवनसत्त्व जवळजवळ तितकेच. असे असूनही सोल्यांचा मूळ गुण इथल्या चुलीने पिढ्यान्‌पिढ्या राखला, तर मटार मात्र हॉटेलांच्या अनुकरणाने साय, लोणी आणि काजूच्या वाटणाखाली दडपला गेला, किंवा मैद्याच्या पारीत भरून तेलात सोडला गेला. मटारही सोल्यांच्याच रीतीने रांधावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

ती रीत अशी. ताजे सोललेले दाणे लोखंडी तव्यावर चमचाभर तेलात, त्यांच्यावर तपकिरी डाग उमटेपर्यंत परतायचे. मग लसूण, हिरवी मिरची आणि जिरे यांच्यासह पाट्यावर भरड वाटायचे, इतके भरड की जिभेला दाण्याचे अस्तित्व जाणवावे. कांद्याच्या बेताच्या फोडणीत हे वाटण घालून, वर आधणाचे पाणी ओतून, एकदोन उकळ्या आल्या की मूठभर सांभार, म्हणजे कोथिंबीर, चिरून टाकायचा. सालीसकट दाणा पोटात जात असल्यामुळे तंतू टिकतात. आणि क जीवनसत्त्व व ब गटातली काही जीवनसत्त्वे पाण्यात विरघळणारी असली, तरी शिजवण्याचे पाणीच येथे रस्सा होत असल्यामुळे जी पाण्यात उतरतात ती ताटातच येतात. भरपूर पाण्यात दाणे उकडून ते पाणी मोरीत ओतणाऱ्या गृहिणीला आपण काय गमावले याची कल्पना नसते, याचे मला फार वाईट वाटते.

या रश्शासोबत ज्वारीची भाकरी हवीच. डाळवर्गीय दाण्यांत लायसिन हे अमिनो आम्ल विपुल आणि मेथिओनिन तोकडे असते, तर तृणधान्यांत नेमके उलट असते. म्हणून दोहोंच्या संयोगाने एकाची उणीव दुसऱ्याकडून भरून निघते. सोलेभाताची थोरवीही यातच आहे, आणि सोल्यांच्या जागी मटार घातल्याने ती कमी होत नाही. जेवायला बसल्यावर वरून लिंबू पिळावे, म्हणजे दाण्यांतले लोह शरीरात अधिक शोषले जाते.

आंबट पदार्थ शिजतानाच घालण्याची घाई मात्र करू नये. आम्लामुळे हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते, दाणा काळपट-पिवळसर पडतो आणि मऊ होण्यासही विलंब लागतो. यास्तव टोमॅटो किंवा चिंच दाणे शिजल्यावरच घालावी, आणि पहिली काही मिनिटे भांड्यावर झाकण ठेवू नये, म्हणजे दाण्यांतून सुटणारी आम्ले वाफेबरोबर निघून जातात. हिरवेपणासाठी चिमूटभर सोडा टाकण्याची जी सवय अनेक घरांत रूढ झाली आहे ती सर्वस्वी त्याज्य आहे, कारण सोड्याने रंग खुलला तरी थायामिन आणि क जीवनसत्त्व यांचा नाश होतो आणि दाण्याचा लगदा बनतो.

शेंग वेलीवरून उतरताक्षणीच दाण्यातल्या साखरेचे पिष्टात रूपांतर होऊ लागते, आणि उष्णतेत हा व्यवहार अधिकच वेगाने चालतो. त्यामुळे बाजारातून आणलेल्या शेंगा शक्य तर त्याच दिवशी सोलून रांधाव्यात, एरवी शेंगांसकट थंड जागी ठेवाव्यात. संधिवाताच्या ज्या प्रकारात रक्तातील यूरिक आम्ल वाढते, त्या रुग्णांनी मात्र या दाण्यांच्या प्रमाणाविषयी आपल्या वैद्याचा सल्ला घ्यावा.

हंगाम सरल्यावर वाळलेले हिरवे वाटाणे घेताना तर विशेष सावध राहावे, कारण त्यांना कृत्रिम रंग चढवलेला असण्याचा संभव असतो. काचेच्या पेल्यात थोडे दाणे घेऊन त्यांवर पाणी ओतावे, ढवळावे आणि अर्धा तास तसेच राहू द्यावे. पाण्यात हिरवा रंग स्पष्ट उतरलेला दिसला, तर तो माल दुकानदाराला परत करावा.