खेळाचे यंत्र घेण्यापूर्वी

शेतीखात्यातला माणूस खेळाच्या यंत्रांविषयी काय सांगणार, असे तुमच्या मनात येईल. माझ्याही मनात आले होते. पण गेल्या दिवाळीनंतर धाकट्या भावाचा गावाहून फोन आला आणि मला या विषयात उतरावेच लागले.

"दादा, जरा येऊन जा. पोरगं दोन दिवस धड जेवलं नाही," एवढेच तो म्हणाला. जाऊन पाहतो तर टीव्हीशेजारी एक काळे यंत्र, आणि त्यावर टॉवेल झाकलेला. पोराला दहावीत चांगले गुण पडले तर खेळाचे यंत्र घेऊन देऊ, असा शब्द भावाने दिला होता. सोयाबीन विकले आणि शब्द पाळला. तालुक्याच्या एका दुकानातून 16,000 रुपयांना जुने यंत्र आणले. पोराला हवा होता 'फार्मिंग सिम्युलेटर 25' हा शेतीचा खेळ. तो त्या यंत्रावर चालतच नव्हता. यंत्र मागच्या पिढीचे, खेळ पुढच्या पिढीचा. दुकानदार म्हणाला, "यंत्र चालू आहे ना? मग परत घेणार नाही." चार क्विंटल सोयाबीनचे पैसे टॉवेलाखाली झाकले होते.

आता सांगा, आपण ट्रॅक्टर कसा घेतो? आधी जमीन पाहतो, भारी की हलकी. मग नांगर ओढायचा की नुसती फवारणी करायची, हे ठरवतो. मेकॅनिक किती लांब आहे, हेही विचारतो. रंग आणि हप्ता शेवटी. खेळाच्या यंत्राचे मात्र आपण उलटे करतो. दुकानात जातो, किंमत विचारतो, आणि घरी आल्यावर पोराला विचारतो, "बघ रे, यावर काय चालतं?" म्हणून पहिली गोष्ट ही करा. पोराला किंवा पोरीला जवळ बसवा आणि कोणते खेळ खेळायचे आहेत, त्यांची नावे वहीत लिहून घ्या. चार-पाच पुरेत. प्रत्येक खेळ कोणकोणत्या यंत्रांवर चालतो, हे तो खेळ काढणारी कंपनी छापून सांगते. ते नावापुढे लिहा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

शेतीच्याच खेळाचे पाहा. तो जायंट्स सॉफ्टवेअर या स्वित्झर्लंडच्या कंपनीचा. पहिला 2008 साली आला. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेली 25 क्रमांकाची आवृत्ती संगणकावर, प्लेस्टेशन 5 वर आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस या यंत्रांवर निघाली. प्लेस्टेशन 4 साठी निघाली नाही. त्याआधीची 2021 ची 22 क्रमांकाची आवृत्ती मात्र प्लेस्टेशन 4 वरही चालते. नाव एक, आकडा वेगळा, आणि तेवढ्यात घरात रडारड. (मी स्वतः दोन संध्याकाळ हा खेळ खेळून पाहिला. नव्या आवृत्तीत भाताची लावणी आहे, म्हशी आहेत, गारपीटसुद्धा आहे. पंचनामा तेवढा नाही.)

बाजारात ढोबळमानाने तीन वाटा आहेत: टीव्हीला जोडायचे यंत्र, ज्याला कन्सोल म्हणतात, संगणक, आणि तुमच्या खिशातला मोबाइल. मोबाइलचे फारसे सांगत नाही, तो घरोघरी आहेच. एवढेच सांगतो की खेळ फुकट म्हणून उतरवला तरी आत पोशाख आणि हत्यारे विकायला मांडलेली असतात. घरच्या माणसाचे पैशांचे ॲप उघडे असले की पोर नकळत खर्च करून बसते. त्या ॲपची गुप्त संख्या पोरांना सांगू नका. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन डाव तर आपल्या विषयातच नाहीत; त्यांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केला आहे.

कन्सोलचा मोठा गुण हा की त्यात डोकेफोड नाही. टीव्हीला वायर लावली, खेळ घातला, सुरू. त्या यंत्रासाठी म्हणून काढलेला खेळ त्यावर चालणारच, आणि सहा-सात वर्षे नवे खेळ येत राहतात. प्लेस्टेशनच्या पिढ्या पाहा: तिसरी 2006, चौथी 2013, पाचवी 2020. म्हणजे नवी पिढी यायच्या सुमारास जुने यंत्र स्वस्त मिळाले तर हुरळून जाऊ नका. उतारवयाचा बैल आहे तो. हलके काम करील, पण पुढच्या हंगामाचा भरवसा नाही.

किमतीचा अंदाज यावा म्हणून सांगतो. प्लेस्टेशन 5 भारतात फेब्रुवारी 2021 मध्ये आले, तेव्हा डिस्कचे यंत्र 49,990 रुपयांना आणि बिनडिस्कचे 39,990 रुपयांना होते. एक्सबॉक्स सिरीज एस नोव्हेंबर 2020 मध्ये 34,990 रुपयांना आले. किमती बदलत असतात. घ्यायच्या दिवशी दोन-तीन ठिकाणी विचारा.

डिस्क आणि बिनडिस्क हा फरक नीट समजून घ्या, कारण खेड्यातल्या माणसाला तो सगळ्यात महाग पडतो. डिस्कचा खेळ म्हणजे घरचे अवजार. वापरा, शेजाऱ्याला उसने द्या, कंटाळा आला की विका, दुसऱ्याचे जुने घ्या. बिनडिस्कच्या यंत्रात हे काहीच होत नाही. प्रत्येक खेळ कंपनीच्या दुकानातूनच घ्यायचा आणि इंटरनेटवरून उतरवायचा. सिरीज एस हे असेच यंत्र आहे, त्याला डिस्कची फटच नाही. आठ-दहा हजार वाचले म्हणून आपण खूश होतो, आणि पुढे नवा मोठा खेळ घ्यायचा तर एकेकाला काही हजार मोजतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

आणि उतरवणार कशावरून? एक मोठा खेळ 40 ते 50 जीबीचा सहज असतो. काही तर 100 जीबीच्या पुढे जातात. तुमच्या मोबाइलला दिवसाला दीड जीबी मिळत असेल, तर 45 जीबीचा खेळ उतरवायला पुरा महिना लागेल, आणि त्या महिन्यात घरात कोणी हवामानाचा अंदाजसुद्धा पाहायचा नाही. गावात फायबरची जोडणी आली असेल तर हा प्रश्न उरत नाही. नसेल तर डिस्कचेच यंत्र घ्या. डिस्क असली तरी अधूनमधून थोडे उतरवावे लागते, हेही लक्षात असू द्या.

कन्सोलवर आणखी एक खर्च दबा धरून बसलेला असतो. विकत घेतलेला खेळ दूरच्या मित्राबरोबर इंटरनेटवर खेळायचा, तर प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स दोन्हींवर बहुतेक वेळा वेगळी वर्गणी भरावी लागते. संगणकावर सहसा अशी वर्गणी नाही. मात्र दोन भावंडांना एकाच टीव्हीसमोर बसून क्रिकेट खेळायचे असेल तर कन्सोलसारखी मजा नाही आणि वर्गणीही नको. फक्त हातात धरायचे दुसरे बटणयंत्र घ्यावे लागते, त्याचे पाच-सहा हजार धरा.

आता संगणक. माझे मन इकडे झुकते, हे आधीच कबूल करतो. संगणकावर पोर खेळेल, पण त्याच संगणकावर महाडीबीटीचा अर्ज भरता येईल, सातबारा काढता येईल, सूनबाईंना दुधाचा हिशेब मांडता येईल, पोराला पुढे डिप्लोमाला त्यावरच शिकता येईल. खेळही बरेचदा स्वस्त मिळतात. स्टीम नावाचे खेळांचे दुकान 2003 पासून चालते, तिथे रुपयांत किमती असतात आणि वर्षातून काही वेळा मोठी सूट लागते. घेतलेला खेळ चौदा दिवसांच्या आत, आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल, तर पैसे परत मागता येतात. एपिक नावाच्या दुसऱ्या दुकानात दर आठवड्याला काहीतरी फुकट असते. 2020 च्या आरंभी शेतीच्या खेळाची 19 क्रमांकाची आवृत्तीच त्यांनी फुकट वाटली होती. शिवाय हौशी लोकांनी बनवलेले आपल्याकडचे ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या संगणकावर त्या खेळात घालता येतात. कन्सोलवर कंपनीने तपासून दिलेलेच चालतात.

मग अडचण कुठे? अडचण निवडीत आहे. ऑफिसात पत्रे टंकायचा संगणक आणि खेळाचा संगणक एक नव्हे. खेळासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते, आणि खर्च तिथेच वाढतो. दुकानदार "आय फाइव्ह आहे साहेब" म्हणेल. त्यावर मान डोलावू नका. ग्राफिक्स कार्ड कोणते आणि रॅम किती, हे विचारा. शेतीच्या नव्या खेळाला 8 जीबी रॅम ही अगदी खालची पायरी आहे, 16 घेतलेली बरी. वहीतल्या प्रत्येक खेळाला काय काय लागते ते कंपनीने दिलेले असते, त्याच्याशी ताडून पाहा. टेबलावरचा संगणक घेतला तर त्याच पैशांत लॅपटॉपपेक्षा जास्त ताकद मिळते आणि पुढे रॅम, कार्ड बदलता येते. लॅपटॉपला बॅटरी असते हे खरे, पण बॅटरीवर खेळ रखडतो.

विजेचे गणित आपल्याला नवे नाही. प्लेस्टेशन 5 खेळताना सुमारे 200 वॅट घेते. रोज दोन तास धरले तर महिन्याला 12 युनिट, टीव्ही वेगळा. सिरीज एस त्याच्या निम्म्याहूनही कमी घेते. कार्डवाला संगणक 250-300 वॅटपर्यंत जातो. बिलापेक्षा मला भीती वाटते ती वीज अचानक जाण्याची. खेळ साठवला जात असताना वीज गेली तर आठवड्याची मेहनत पुसली जाऊ शकते आणि यंत्रालाही ते बरे नाही. म्हणून यंत्राच्या पैशांतच यूपीएसचे पैसे बाजूला काढा. तो यंत्र आणि टीव्ही दोन्ही ओढेल एवढा घ्या. घराला अर्थिंग नीट आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या. मोटारीच्या स्टार्टरशेजारच्या बोर्डावर हे यंत्र लावू नका.

भावाच्या घरी पुढे काय झाले? भावजयीचे म्हणणे होते, यंत्र येईल त्या किमतीला विकावे. भाऊ नवे घ्यायला निघाला होता. रब्बीची पेरणी तोंडावर, खताचे पैसे द्यायचे, आणि हा पन्नास हजारांची गोष्ट करीत होता. मी पुतण्याला घेऊन बसलो आणि वहीत नावे लिहून घेतली. शेतीचा खेळ, क्रिकेट आणि गाड्यांचा एक. शेतीच्या खेळाची मागची आवृत्ती त्या जुन्या यंत्रावर चालते, हे त्याला ठाऊकच नव्हते. तिची वापरलेली डिस्क सोलापुरात मिळाली. क्रिकेटचा 2023 चा खेळही त्यावर चालतो. पोरगा क्षणभर हिरमुसला, कारण त्यात भातलावणी नाही. मी म्हटले, "बाबा रे, आपल्या रानात तरी कुठं भात आहे?" तेव्हा हसला आणि आईला जेवायला वाढ म्हणाला. संगणक दोन वर्षांनी, डिप्लोमाला गेल्यावर घ्यायचा असे ठरले आहे. खेळायची वेळ भावजयीने ठरवली: दिवेलागणीनंतर दीड तास, परीक्षेच्या महिन्यात बंद.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा वही बरोबर न्या आणि पोरालाही न्या. जुने घेत असाल तर दुकानातच टीव्हीला जोडून वहीतला एक खेळ वीस मिनिटे चालवून पाहा. पंखा घरघरतो का, यंत्र फार तापते का, डिस्क आत-बाहेर नीट जाते का, बटणे अडकतात का, ते बघा. आधीच्या मालकाचे खाते काढून टाकायला सांगा. नवे घेत असाल तर पक्के बिल मागा, त्यावर यंत्राचा क्रमांक लिहून घ्या, हमी किती दिवसांची आणि दुरुस्ती कोणत्या गावी होते ते विचारा. बिल पंपाच्या बिलांबरोबर ट्रंकेत ठेवा आणि खोके निदान वर्षभर टाकू नका.