जुन्या भिंगांतून कृष्णधवल चित्र

तुमच्यापैकीं एखाद्याच्या घरीं जुन्या पेटींत आजोबांचा कॅमेरा पडून असेल. त्यांतून काळ्यापांढऱ्या फिल्मवर घेतलेलें चित्र कधीं कधीं धुरकट कां येतें, आणि त्याच भिंगाकडून चांगलें काम कसें करून घ्यावें, हें येथें थोडक्यांत सांगतों.

काचेवर पडणारा सर्वच प्रकाश आरपार जात नाहीं. तिच्या प्रत्येक पृष्ठभागावरून शेंकडा सुमारें चार भाग परत फिरतात. १९०२ सालच्या ‘टेसार’ जातीच्या भिंगांत हवेला लागणारे असे सहा पृष्ठभाग आहेत. म्हणजे एकपंचमांशाहून थोडा अधिक प्रकाश वाटेंतच अडतो. त्यांतील कांहीं अंश काचांमध्यें उलटसुलट फिरून अखेर फिल्मवर पसरतो आणि चित्रावर धुकें आणतो. १९३५ सालीं जर्मनींत अलेक्झांडर स्माकुला यांनीं काचेवर अत्यंत पातळ लेप देण्याची युक्ति काढली, तेव्हां हा दोष पुष्कळ कमी झाला. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) आणि कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ (१९२०) हे चित्रपट त्यापूर्वीचे, म्हणजे लेपाविना असलेल्या भिंगांनींच टिपलेले होत. तेव्हां दोष भिंगाचा कमी आणि वापरणाराचा अधिक, हें उघड आहे.

हें मी स्वतःच्या चुकीवरून शिकलों. पुष्कळ वर्षांपूर्वीं शाळा सोडून जाणाऱ्या एका वर्गाचें चित्र मीं अशाच भिंगानें घेतलें. मुलांच्या मागें मावळता सूर्य होता. दृश्य फार सुंदर वाटलें. फिल्म धुतल्यावर पाहतों तों सर्व चेहरे पांढुरक्या पडद्याआड गेलेले! पुढच्याच पावसाळ्यांत त्यांतील एक मुलगा वारला. त्याच्या आईनें तें चित्र मागितलें. मीं दिलें; पण त्यांत तिला आपला मुलगा नीट ओळखूं येईना.

म्हणून चार गोष्टी ध्यानांत ठेवा. सूर्य आपल्या पाठीशीं किंवा बाजूस असावा. भिंगापुढें काळ्या कागदाची आंखूड नळी बसवावी. मात्र तिची कड चित्रांत येऊं देऊं नये. भिंग कोरडें ठेवावें, कारण पावसाळ्यांत त्यावर बुरशी धरते. पुसणें तें मऊ कापडानें, हलक्या हातानें. शंभर अंकाच्या फिल्मला भर उन्हांत सोळाचें छिद्र व सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो; सावलींतील चेहऱ्यास आठाचें किंवा त्याहून मोठें छिद्र द्यावें.

एवढें संभाळल्यास हेंच भिंग आपला गुणहि दाखवितें. आपल्या यवतमाळकडे कपाशी फुटली म्हणजे काळी माती आणि पांढरीं बोंडें शेजारींशेजारीं येतात. कडक उन्हांत नव्या भिंगानें घेतलेल्या चित्रांत सावल्या कोळशासारख्या दिसतात. जुन्या भिंगांत थोडा प्रकाश पसरत असल्यामुळें त्या किंचित उजळतात, आणि वेचणारीच्या पदराखालचा चेहरा सौम्य उतरतो.

मोठ्या फिल्मवर बाराच चौकोनी चित्रें निघतात. पालकांनीं तो कॅमेरा मुलांच्या हातीं अवश्य द्यावा. आणि मुलांनो, कळ दाबण्यापूर्वीं सूर्य कोठें आहे तें आधीं पाहा. समोरचीं माणसें पुन्हा तशींच एकत्र उभीं राहतील, असें कोणीं सांगावें?