थेंबातला उपसा

अहमदपूरकडच्या शेतांवर गुरांना पाणी पाजायचे सिमेंटचे हौद असतात. चैत्र-वैशाखात बोअर आटलं की हौदात वीतभर पाणी उरतं. कडेला शेवाळ, तळाशी गाळ, वर काडीकचरा. म्हैस त्या पाण्याला तोंड लावत नाही, पण ज्याच्याकडे सूक्ष्मदर्शक आहे त्याने तो गाळ टाकून देऊ नये. गाळाजवळचा एक थेंब काचपट्टीवर घ्यावा, त्यात कापसाचे चार तंतू विस्कटून टाकावेत आणि वर पातळ काच ठेवावी. तंतूंच्या जाळीत पॅरामेशियम जरा अडतं. एरवी ते नजरेत भरेपर्यंत निसटलेलं असतं.

चपलेच्या तळव्यासारखा आकार. लांबी मिलिमीटरचा पाचवा हिस्सा, कमीजास्त. अख्खा जीव एका पेशीचा. त्याच्या अंगात पुढे एक आणि मागे एक असे दोन स्वच्छ ठिपके दिसतात. एकावर नजर रोखून धरा. ठिपक्याभोवती बारीक नळ्या आहेत, चांदणीच्या टोकांसारख्या. नळ्या फुगतात, मधल्या ठिपक्यात रित्या होतात, ठिपका टम्म होतो आणि पापणी लवते तोवर नाहीसा. पुन्हा चांदणी उगवते. दहा-वीस सेकंदांनी हाच खेळ, आणि तो जीव जिवंत आहे तोवर चालूच.

पुस्तकात याला संकोचशील रिक्तिका म्हणतात. रिक्तिका म्हणजे रिकामी जागा. हे नाव मला कधी पटलं नाही. भरणं आणि रितं होणं यापलीकडे जिला दुसरं काम नाही, ती रिकामी कशी? आपल्याकडे या कामाला चांगला शब्द आहे: उपसा.

उपसा कशाचा, तर साध्या पाण्याचा. बेदाणा पाण्यात टाकला की फुगतो, कारण आत साखर दाट आणि बाहेर पाणी पातळ. सालीतून पाणी आत ओढलं जातं. हे परासरण. पॅरामेशियमच्या आत क्षार आहेत, प्रथिनं आहेत. बाहेर हौदाचं जवळजवळ गोडं पाणी. पाणी चहूबाजूंनी आत झिरपत राहतं. झाडाच्या पेशीला भक्कम भिंत असते, ती फुगण्याला आवर घालते. पॅरामेशियमला तशी भिंत नाही. उपसा थांबला तर ते फुगून फुटेल. आपल्या तांबड्या रक्तपेशींचीही तीच गत. म्हणूनच दवाखान्यात शिरेतून साधं पाणी देत नाहीत, ०.९ टक्के मिठाचं सलाइन लावतात.

उपसा किती? पॅरामेशियम साधारण अर्ध्या तासात स्वतःच्या आकारमानाइतकं पाणी बाहेर फेकतं. हाच हिशेब साठ किलोच्या माणसाला लावला तर दिवसाला २,८८० लिटर, म्हणजे घरावरच्या हजार लिटरच्या जवळजवळ तीन टाक्या. लातूरच्या माणसाला हा आकडा टोचणारच. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन. आम्ही पाण्यासाठी रुळांकडे डोळे लावून बसलो होतो, आणि या जिवाचा सगळा जन्म आलेलं पाणी बाहेर काढण्यात जातो.

इटलीच्या स्पालान्झानीने १७७६ मध्ये या चांदण्यांचं वर्णन केलं. त्याला वाटलं, ही श्वास घेण्याची सोय असावी. पुढे कुणी तिला हृदयही म्हणालं. चूक समजण्यासारखी आहे. धडधडणारी वस्तू दिसली की माणसाला हृदयच आठवतं. खरं काम कळायला मिठाची मदत झाली. बाहेरच्या पाण्यात क्षार वाढवले की ठोके मंदावतात, पुन्हा गोडं पाणी दिलं की वेग वाढतो. हृदय असं पाण्याची चव बघून चालत नाही.

हा उपसा फुकट होत नाही. पाण्याला थेट ढकलणारा पंप पेशीकडे नाही. रिक्तिकेला जोडलेल्या बारीक नळ्यांच्या जाळ्यावर प्रथिनांचे पंप बसलेले असतात. ते ऊर्जा खर्चून प्रोटॉन आत ढकलतात. त्या जोरावर नळ्यांत क्षार साठतात आणि क्षारांच्या मागे पाणी येतं. थोडक्यात, जे परासरण जिवावर उठलं होतं, त्यालाच कामाला जुंपलेलं आहे.

गरज नसेल तिथे ही यंत्रणाही नाही. हौदातल्या गाळात सापडणाऱ्या अमीबाकडे रिक्तिका असते. आव पडण्याला कारण होणारा एंटामीबा मात्र आपल्या आतड्यात राहतो. तिथे बाहेरचा द्रव आणि आतला द्रव सारख्याच दाटीचे, त्यामुळे त्याला रिक्तिकाच नाही.

याच्या अगदी उलटी तऱ्हा बुलढाणा जिल्ह्यात लोणारला. जून २०२० मध्ये त्या खाऱ्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा रंगाचं कारण निघालं हॅलोआर्किया, म्हणजे मिठात रमणारे एकपेशीय जीव. तिथे धोका पाणी आत येण्याचा नाही, पाणी बाहेर ओढलं जाऊन सुकण्याचा आहे. त्यावर त्यांनी वेगळाच तोडगा काढलाय: पेशीच्या आतच पोटॅशियमचे क्षार एवढे भरून ठेवायचे की बाहेरच्या खारटपणाशी बरोबरी व्हावी. असे पक्के मीठखोर जीव गोड्या पाण्यात टाकले तर फुटतात. आपल्या हौदातलं पॅरामेशियम लोणारच्या पाण्यात जगणार नाही आणि ते आपल्या हौदात.

घरी पाहायचं असेल तर मूठभर कडबा किंवा वाळलं गवत पाण्यात उकळा, थंड करा, त्यात हौदाचं किंवा तळ्याचं चमचाभर पाणी घाला आणि आठवडाभर सावलीत ठेवा. वास येईल, घरचे बोलतील. तिकडे लक्ष देऊ नका. वर धरलेल्या सायीच्या कडेचा थेंब घ्या. शाळा-कॉलेजातला सूक्ष्मदर्शक पुरे. मोबाइलवर सेकंद मोजा. पुढच्या आणि मागच्या ठिपक्याची वेळ वेगवेगळी लिहून ठेवा: तोंडाजवळच्या घशातून पाणी जास्त येतं, म्हणून मागचा ठिपका बहुधा लवकर रिता होतो. मग काचेच्या कडेने मिठाच्या अगदी पातळ पाण्याचा एक थेंब सोडा आणि पुन्हा मोजा.