संक्रमणी धातू

ज्यांच्या अणूत किंवा धन आयनात डी उपकवच इलेक्ट्रॉनांनी अपुरे भरलेले असते, अशा धातूंना ही संज्ञा लावतात. लोखंड, मँगॅनीज, तांबे व चांदी ही त्यांची परिचित उदाहरणे होत. जस्ताच्या आयनात हे उपकवच पूर्ण भरलेले राहत असल्याने त्याचा समावेश सामान्यतः या वर्गात करीत नाहीत.

बाह्य एस व आतील डी इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जांत अल्प फरक असल्यामुळे या धातूंच्या संयुजा बदलत्या असतात. त्यांची संयुगेही बहुधा रंगीत असतात. कोल्हापूरजवळील पन्हाळ्याच्या माथ्यावरील जांभा खडक हे याचे ठळक उदाहरण होय. काळ्या बेसाल्टातील द्विसंयुजी लोखंडाचे दीर्घकालीन अपक्षयाने त्रिसंयुजी लोखंडात रूपांतर होऊन त्यास तांबडा रंग आला आहे.

मिश्रधातू बनविणे हा यांचा दुसरा महत्त्वाचा गुणधर्म. शुद्ध चांदी (वितळबिंदू सु. ९६२° से.) मऊ असते, तीत थोडे तांबे मिसळल्यास त्याच्या लहान अणूंमुळे स्फटिकजालकात ताण निर्माण होऊन ती कठीण बनते. दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या हुपरीसारख्या (जि. कोल्हापूर) ठिकाणी हा गुण मोलाचा ठरतो. कोल्हापुरातील ओतशाळांत बनणाऱ्या बिडात मँगॅनीज गंधकाशी संयोग पावून त्याचा अनिष्ट परिणाम टाळते.