सांडपाण्यावर चालणारं वीजकेंद्र
नागपूरच्या भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी जलवाहिनीतून कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला जातं. या शुद्धीकरण प्रकल्पाची क्षमता रोज १३ कोटी लिटरची आहे! टाक्यांत हवा सोडली की जिवाणू पाण्यातला मळ खाऊन टाकतात. पण तेवढ्यावर भागत नाही. केंद्रातल्या शीतकरण मनोऱ्यांत बरंचसं पाणी वाफ होऊन उडतं आणि क्षार मागे राहतात. हे उरलेलं पाणी पुन्हापुन्हा फिरवताना क्षार वाढतात आणि नळ्यांत थर धरतात. म्हणून क्षार आटोक्यात ठेवावे लागतात, शिवाय पाणी आणखी गाळावं, निर्जंतुक करावं लागतं. खर्च होतो, पण एरवी केंद्राला द्यावं लागणारं पेंच धरणाचं पाणी प्यायला आणि शेतीला उरतं. तहानलेल्या विदर्भात मनोऱ्यांतून धरणाचं पाणी उडवणं मुळीच परवडणारं नाही. प्रत्येक औष्णिक केंद्राने शेजारच्या शहराचं सांडपाणी आधी मागायला हवं.