दोह्याच्या पाण्यामागचा फॉस्फरस

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस या फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांची नावं तेव्हा घरोघरी पोहोचली. फॉस्फरसच्या सेंद्रिय संयुगांची धास्ती आपल्या मनात बसली ती तेव्हापासून, आणि ती रास्तच आहे. पण याच मोठ्या घराण्यातल्या एका शाखेचा आधार आखातातल्या पिण्याच्या पाण्याला आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

कतारमध्ये नदी नाही. वर्षाला पाऊस पडतो जेमतेम 75-80 मिलिमीटर. दोह्यातल्या मराठी घरांत नळाला येतं ते समुद्राचं, क्षार काढलेलं पाणी. दक्षिणेला रास अबू फंतास, उम्म अल हौल, उत्तरेला रास लफान इथे ते तयार होतं. आखाताचं पाणी मुळातच जास्त खारट: महासागरात लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार, तर इथे 40 ते 45. ऊर्ध्वपातनासाठी ते तापवलं की कॅल्शियम कार्बोनेट आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा पांढरा थर नळ्यांवर धरतो. मराठवाड्यात बोअरच्या पाण्यावर चालणारा गीझर उघडून पाहिलेल्यांना तो थर चांगला ओळखीचा असेल.

पूर्वी हा थर रोखायला पॉलिफॉस्फेट वापरत. पण त्यातला फॉस्फरस-ऑक्सिजन-फॉस्फरस हा दुवा 90 अंशांच्या आसपास पाण्यात तुटू लागतो आणि उलट कॅल्शियम फॉस्फेटचा गाळ बसतो. म्हणून फॉस्फोनेट आले. त्यांत फॉस्फरस थेट कार्बनला जोडलेला असतो आणि हा बंध पाण्याला, उष्णतेला सहज दाद देत नाही. एचईडीपी हे त्यातलं नावाजलेलं संयुग. लिटरमागे काही मिलिग्रॅम पुरतात, कारण ते सगळ्या कॅल्शियमला बांधून ठेवत नाही. नुकत्याच जन्मलेल्या स्फटिकाच्या वाढणाऱ्या कडांवर चिकटतं आणि त्याची वाढच थांबवतं. पाणी न तापवता गाळणाऱ्या रिव्हर्स ऑस्मोसिसच्या पडद्यांपुढेही हीच युक्ती चालते.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते पुढचं. 1960च्या दशकात स्वित्झर्लंडमधले संशोधक हर्बर्ट फ्लाइश यांना शरीरातलं पायरोफॉस्फेट नको तिथे कॅल्शियम साचू देत नाही असं दिसलं. पण तोंडावाटे दिलं तर ते पोटातच मोडायचं. उपाय तोच निघाला: दोन फॉस्फरसमधला ऑक्सिजन काढून कार्बन बसवा. त्यातून बिसफॉस्फोनेट औषधं आली. त्यांतलं सुरुवातीचं इटिड्रोनेट म्हणजे एचईडीपीचाच सोडियम क्षार! आज हाडं ठिसूळ झालेल्या आजीला आठवड्याला एक अॅलेन्ड्रोनेटची गोळी मिळते, ती याच कुळातली. ती उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नाही. दुधाबरोबर घेतली तर गोळी कॅल्शियमलाच धरून बसते आणि अंगी लागत नाही.

सुरुवातीला सांगितलेली फॉस्फरसची कीटकनाशकं मज्जासंस्थेतल्या कोलिनएस्टरेज या विकराला निकामी करतात. एचईडीपी तसं करत नाही. म्हणून ते निर्धोक मानायचं का? मुळीच नाही. प्रकल्पात येतं ते 60 टक्क्यांचं, फिकट पिवळसर, जडसर द्रावण, पीएच 2 च्या खाली. पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असल्याने 200 लिटरचा ड्रम तीनशे किलोच्या घरात जातो. तो हाताने लोटायचा नाही. डोळ्यांत थेंब गेला तर कायमची इजा होऊ शकते. गॉगल, चेहऱ्यावर शील्ड, आम्लाला टिकणारे हातमोजे लागतातच, आणि डोळ्यांत गेलंच तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुऊन लगेच दवाखाना. साठवण प्लास्टिकच्या पिंपात. अॅल्युमिनियम किंवा जस्ताच्या भांड्यात आम्ल धातू खाऊन हायड्रोजन सोडतं. सर्वांत मोठा धोका शेजारच्या टाकीचा. या प्रकल्पांत शेवाळ आणि शिंपले रोखायला हायपोक्लोराइटही असतं, आणि आम्ल त्यात पडलं की क्लोरीन वायू सुटतो. दोन्हींच्या नळ्या, पंप, बादल्यासुद्धा वेगळ्या हव्यात, आणि ड्रमवरची चिठ्ठी हाताळणाऱ्याला वाचता येईल अशा भाषेत हवी. भर उन्हात काम करणाऱ्या आपल्या माणसांसाठी हा आग्रह मी सोडणार नाही.

ऊर्ध्वपातनात किंवा पडद्यातून पाणी गाळताना फॉस्फोनेट मागे राहतं आणि जास्त खाऱ्या पाण्याबरोबर समुद्रात जातं. तिथे ते हळूहळू मोडतं, सूर्यप्रकाश आणि लोहाच्या मदतीने थोडं लवकर, आणि शेवटी साधं फॉस्फेट उरतं, जे शेवाळाचं खाद्य आहे. उथळ आखातात म्हणूनच मात्रा लागेल तेवढीच सोडायला हवी.