द्राक्षाची थंडी आणि कोथिंबिरीची

थंडी कशी वापरावी, हे नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला नेमकं ठाऊक असतं. पिंपळगाव बसवंत किंवा दिंडोरीकडे निर्यातीचा घड खुडला की काही तासांत प्रीकूलिंगला जातो. तिथून तो ० ते १ अंश तापमानाच्या आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रतेच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये जातो. नुसतं गार करून भागत नाही. हवा कोरडी असली की देठ सुकतो आणि मणी गळतात. त्याच जिल्ह्यातल्या लासलगावचा उन्हाळ कांदा मात्र दमट हवेत सडतो, म्हणून तो हवेशीर चाळीत राहतो. फ्रिज घेतानाही पहिला प्रश्न हाच असावा: आत काय ठेवणार आहोत? लिटर, रंग आणि सवलत यांचं त्यानंतर बघू.

एकदारी डायरेक्ट कूल फ्रिजमध्ये वरच्या बर्फाच्या कप्प्यातला गारवा आपसूक खाली उतरतो. पंखा नसल्यामुळे भाजी कमी सुकते, वीजही कमी लागते आणि किंमत आवाक्यात राहते. पण साचलेला बर्फ अधूनमधून वितळवावा लागतो. फ्रॉस्ट-फ्रीमध्ये पंखा गार हवा सगळीकडे फिरवतो आणि बर्फाचा थर आपोआप वितळतो. सोय मोठी आहे, पण ही फिरती हवा कोरडी असते. उघडी ठेवलेली कोथिंबीर तिथे लवकर मान टाकते. म्हणून असा फ्रिज घेताना भाजीचा ड्रॉवर दुकानातच ओढून पाहा: तो खोल हवा आणि नीट बंद व्हायला हवा. कांदे, बटाटे आणि केळी यांना मात्र कोणत्याच फ्रिजमध्ये जागा देऊ नका. केळ्याला १३ अंशांखालची थंडी सोसत नाही, साल काळी पडते.

आकार ठरवताना घरातली माणसं मोजतात. मला वाटतं, बाजाराला किती दिवसांनी जाता, हेही तितकंच मोजावं. रोज ताजी भाजी आणणाऱ्या दोघांना १८०-२०० लिटर पुरतात. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारातून आठवड्याची भाजी आणणारं चौघांचं घर असेल, शिवाय दही, वाटण, भिजवलेली कणीक असा रोजचा पसारा असेल, तर २५० ते ३०० लिटरचा दोनदारी बरा. त्यातही फ्रीजर खाली असलेला मिळाला तर जरूर विचार करा. आपल्याकडे दिवसभर उघडतो तो भाजी-दुधाचा कप्पा. तो डोळ्यांसमोर आला की आजीचं वाकणं वाचतं. ५०० लिटरांच्या पुढचा साइड बाय साइड दिसायला भव्य, पण त्याचे कप्पे अरुंद असतात. सणाचं पातेलं घरून मापून न्या आणि मगच ठरवा. जुन्या नाशकातल्या वाड्यात राहत असाल तर जिन्याची रुंदीही मापा.

स्टारच्या लेबलबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: जास्त स्टार म्हणजे नेहमीच कमी वीज. खरं तर स्टार त्या प्रकारच्या आणि आकाराच्या फ्रिजच्या मानाने दिलेले असतात. त्यामुळे मोठा पाच स्टार फ्रिज लहान तीन स्टारपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. लेबलवर वर्षाला लागणारे युनिट छापलेले असतात. तुलना त्या आकड्याची करा. लेबल कोणत्या काळासाठी आहे तेही वाचा, कारण निकष वेळोवेळी कडक होतात आणि जुन्या लेबलचे पाच स्टार नव्या निकषांत कमी होतात. महावितरणचा दर १०० आणि ३०० युनिटांच्या टप्प्यांवर चढतो. तुमचं बिल टप्प्याच्या काठावर असेल तर महिन्याचे दहा-पंधरा युनिटही जाणवतात.

‘इन्व्हर्टर’ फ्रिज वीज गेल्यावर चालतो, असंही अनेकांना वाटतं. तसं नाही. त्याचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो, म्हणून वीज वाचते आणि आवाजही कमी होतो. वीज गेली की तोही थांबतो. गावाकडे वीज वारंवार जात असेल तर फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा आणि दार उघडू नका. गारवा बराच वेळ टिकतो. व्होल्टेज फार हलत असेल तर फ्रिज किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो, ते माहितीपत्रकात पाहा. त्या मर्यादेबाहेर जात असेल तर स्टॅबिलायझर लावाच.

शेवटी जुन्या फ्रिजचं काय? नव्या घरगुती फ्रिजमध्ये बहुधा आर-६००ए हा वायू असतो. तो हवामानाला फारसा बाधत नाही, पण ज्वलनशील आहे, म्हणून दुरुस्तीला प्रशिक्षित माणूसच हवा. जुन्या फ्रिजमधला आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता अडवतो. भंगारात नळी तोडली की तो सगळा हवेत जातो. तेव्हा एक्स्चेंज करताना दुकानदाराला विचारा, की फ्रिज अधिकृत ई-कचरा केंद्रात जाणार आहे ना, आणि तसं बिलावर लिहून घ्या.